मनगटं दाबत फिरणारे डॉक्टर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी ज्याचं मनगट दाबलेलं नाही असा माणूस त्या काळी अख्ख्या चंदीगडात शोधून सापडला नसता. मूळचे सोलापूरचे, हाडांचे सर्जन, आणि हात मिळवायला त्यांना निमित्त लागायचंच नाही. दूधवाला असो नाही तर बँकेचा मॅनेजर, हात हातात आला की यांचा अंगठा समोरच्याच्या अंगठ्याखालच्या खळगीत रुतलाच! तिथं काजूएवढं एक हाड असतं म्हणे. पोरं पडतात, ते तडकतं, आईबाप 'मुरगळलं असेल' म्हणून सोडून देतात आणि ते तसंच तुटकं राहतं. त्या हाडापायी या गृहस्थांनी एका रिसेप्शनमध्ये चक्क नवरदेवाला "हाय रब्बा!" म्हणून ओरडायला लावलं होतं. ते अतिरेक्यांचे दिवस, चौकाचौकात गाड्या तपासायचे. एकदा आम्ही त्यांच्या फियाटमधून येत होतो. जवान म्हणाला, हात वर करा. यांनी त्याचाच हात धरला. "ये कब टूटा था?" तो बंदूकवाला जवान ओशाळून म्हणाला, "कबड्डी में, साबजी." मागं गाड्यांची ही रांग, आणि हे बॉनेटवर चिठ्ठी लिहून देताहेत!

आमच्या लेकीचं, मिनीचं, मनगट तेवढं त्यांच्या हाती कधी लागलं नाही, आणि तो दोष माझा. मराठी वळण राहावं म्हणून मी तिला मोठ्यांच्या पाया पडायला शिकवलेलं. त्यामुळे रोज भेटूनही त्यांना दिसायचा तो तिचा भांग. शाळेत स्केटिंग करताना ती मनगटावर पडली, त्यात कर्फ्यू लागला, आणि मी आंबेहळदीचा लेप लावून मोकळी झाले. चार-पाच महिन्यांनी ती त्यांना पाणी द्यायला गेली नि जग हातातून निसटला. त्यांनी खळगी दाबली. मिनी कळवळली, आणि डॉक्टरांचा चेहराच उतरला. "वहिनी, साऱ्या गावाचे हात दाबले मी, आणि आपलीच पोर राहिली की हो!"

हाड सांधलंच नव्हतं. उजवा हात, आणि पोर बारा वर्षांची. मी रडायला लागले, तर डॉक्टरांनी माझ्याच ओट्याशी उभं राहून ऑपरेशन समजावलं. "कमरेच्या हाडातलं चिमूटभर काढायचं नि त्या फटीत भरायचं. विरजणच की!"

"आणि नाही लागलं तर?"

त्यांनी मिनीचं मनगट पुन्हा हातात घेतलं, पण या वेळी दाबलं नाही.

ऑपरेशन त्यांनीच केलं. तीन महिने प्लास्टर, आणि रोज संध्याकाळी येऊन नखं कुरतडायचे ते हेच. मग एक्स-रेत फट भरलेली दिसली. तो घेऊन ते बिल्डिंगभर फिरले, अगदी धोब्यालासुद्धा दाखवला! पण त्यांचा स्वतःचाच विश्वास म्हणून बसेना. पुढे वर्षभर मिनीचं दप्तर बसस्टॉपपर्यंत तेच वाहत होते.

निवृत्त होऊन सोलापूरला निघाले त्या सकाळी मिनीनं त्यांची भरलेली सूटकेस त्याच हातानं उचलली आणि तरातरा जिना उतरू लागली.

"अगं, दुसऱ्या हातानं धर!"

"अंकल, पक्का जुड़ गया है," ती न थांबता म्हणाली.

ते तिथंच पायरीवर बसले आणि चष्मा काढून डोळे पुसत राहिले. खाली रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. मी जिन्याच्या खिडकीतून त्याला थांबायची खूण केली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.