नानांच्या तबल्याचं चित्र

शनिवारी न्यू पनवेलमध्ये माझ्या चित्रांचं पहिलंवहिलं प्रदर्शन लागलं. आज सोमवार, सकाळपासून पुन्हा दवाखान्यात लोकांचे एक्स-रे काढतेय, तरी पाय अजून जमिनीला लागलेले नाहीत... म्हणून लंच टाइममध्ये आधी हे लिहून टाकते.

माझी चित्रं नक्की कशाची, हे सांगताना माझीच दमछाक होते. शास्त्रीय संगीताच्या जुन्या रेकॉर्ड्स लावते आणि ऐकता ऐकता कागदावर रेघा काढत जाते... ना तानपुरा, ना कुणाचा चेहरा, नुसत्या रेघा! सासूबाई त्याला 'तुझा तो गुंता' म्हणतात, तेही अगदी प्रेमाने.

पद्धत मात्र ठरलेली आहे. रेकॉर्ड सुरू झाली की पेन कागदावर, हात एकाच चालीने पुढे, आणि ताल फिरून समेवर आला की तिथे एक ठळक टिंब. लहानपणी तीन वर्षं तबला शिकले होते, त्यातली सम तेवढी अंगात राहिली आहे.

प्रदर्शनात नऊ चित्रं होती, पण माझा जीव अडकला होता एकातच. विचुंब्याचे नाना, वय वर्षं ब्याऐंशी, माझ्याकडे हाताचा एक्स-रे काढायला आले होते, तिथे आमची ओळख झाली. तरुणपणी त्यांनी एका सतारीच्या रेकॉर्डवर तबल्याची साथ केली होती. घरातला प्लेअर कधीच बंद पडलेला, बोटं आता थरथरतात... ती एकुलती एक रेकॉर्ड त्यांनी विश्वासाने मला आणून दिली.

मला नानांना त्यांचा तबला दाखवायचा होता, बस्स. बाकीच्यांनी छान म्हटलं काय, न म्हटलं काय... नानांना त्यात स्वतःचं वाजवणं दिसलं नाही, तर माझ्या लेखी ते चित्र फुकट होतं.

रविवारी अकराच्या सुमारास नाना रिक्षाने आले. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. टिंब म्हणजे सम आणि हाताची चाल सगळीकडे सारखी, एवढंच मी सांगितलं. ते चित्रासमोर उभे राहिले... एका टिंबापासून दुसऱ्या टिंबापर्यंत बोट हवेत सरकतंय, ओठांवर मात्रा चालू. मग शेजारचं चित्र, मग परत हे.

"काय गो बाय, आमी येवडे धावलो नवतो," ते शेवटी म्हणाले. "हा विलंबित हाय. सम येवडी जवल येनारच नाय. त्या शेजारच्या चित्रान बघ, कशी आरामात येते."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. माणसाने इतक्या विश्वासाने आपली ठेव हातात द्यावी आणि मी ती चुकीची ऐकावी? पण चुकेन कशी... सम तर मी नीट मोजून धरली होती!

आणि मग लख्ख आठवलं. मी हे चित्र काढलं त्याच्या आदल्या दिवशी नवऱ्याने सिनेमाच्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड लावली होती, ती पंचेचाळीसच्या स्पीडवर वाजते. नानांची मोठी रेकॉर्ड लावताना बटण तेहतीसवर आणायचं मी साफ विसरले होते, म्हणून ती भरधाव वाजली! सतार जरा किनरी वाटली होती खरी, बाजूही लवकर संपली होती... पण मी पडले रंगात, लक्ष कोण देतंय.

मी अक्षरशः टुणकन उडी मारली. अहो, नानांनी नुसत्या रेघा बघून लय पकडली होती! म्हणजे माझ्या त्या रेघांत खरंच तबला वाजत होता, आणि ज्याचा होता त्यालाच तो ऐकू आला होता... मला तर नाचावंसं वाटत होतं.

घर दोन मिनिटांवर. नानांना तसंच घरी नेलं, बटण तेहतीसवर आणलं, त्यांना खुर्चीत बसवलं आणि मी नवा कागद घेऊन फरशीवर फतकल मारली. पहिली सम आली आणि नानांचा हात मांडीवर पडला... थरथर होतीच, पण समेवर अगदी बरोब्बर! मला रडू येत होतं आणि मी रेघ ओढत होते.

बाजू संपल्यावर नवं चित्र मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते निरखून पाहिलं, मान डोलावली आणि मलाच परत दिलं.

"हा तुझ्याकडं ठेव. मना तो धावनारा दे," नाना म्हणाले. "येवड्या लयीत मी उभ्या जन्मात वाजवला नाय. घरात लावतो नि सगल्यांना सांगतो, मीच वाजवला!"

काल संध्याकाळी ते चित्र विचुंब्याला गेलं. नाना, माझी चूक तुम्ही हौसेने भिंतीवर लावलीत... एवढं कौतुक माझं आजवर कुणीच केलेलं नाही.