तारप्याला पाठ

"पोलकं काढ."

बाईंनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. बोईसरच्या एका कॉलनीत आदिवासी कला महोत्सव होता. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी याच बाईंकडे धुणीभांडी करायची. दोन लेकरांची आई होते. रोज पोलकं घालूनच त्यांच्या मोरीत बसायची, तेव्हा कुणाला खटकलं नाही.

"अस्सल वाटलं पाहिजे," बाई म्हणाल्या आणि डोक्याला बांधायला पिसांच्या पट्ट्या दिल्या. आमच्या वारल्यांच्या पाड्यात कुणी कधी पिसं बांधली नाहीत. कोंबडीची होती. वास मारत होती.

आम्ही सहा जणी पडद्याआड गेलो. पोलकी काढली. लुगड्याचा पदर छातीशी आवळला. मी नाही म्हणाले नाही. काम जाईल, ही भीती. त्या भीतीची मला आजही शिसारी येते.

मग मंचावर रांग. "सरळ उभ्या राहा. तोंड पाहुण्या साहेबांकडे," बाई म्हणाल्या.

माझा बाबा आमच्या मागे, फुंकून वाजवायचा भोपळ्याचा तारपा घेऊन. नाव होईल तुझं, असं सांगून मीच त्याला आणलं होतं. तारपा वाजतो मधोमध, नाचणाऱ्यांचा फेर त्याच्याभोवती. फेर कसाही वळो, तारप्याला पाठ दाखवायची नाही. लहानपणी एकदा माझी पाठ वळली, तर बाबाने वाजवणंच थांबवलं होतं.

मागून त्याचा आवाज आला, "पोरी, कोनासाठी वाजवू? मला निसत्या पाठीच दिसतात."

समोर साहेब वडा खात होता. तेलकट बोटं चाटत माझ्या उघड्या खांद्यांकडे बघत होता. मी पिसं उपटून तिथेच टाकली. पडद्याआड जाऊन पोलकं घातलं, परत आले आणि बाबाकडे तोंड करून उभी राहिले.

"अगं, साहेबांना पाठ?" बाई किंचाळल्या.

"साहेबाला चालंल. तारप्याला नाय चालत."

एकेक करून पाचही जणी पोलकी घालून आल्या. कमरेला हात गुंफले. बाबाने गाल फुगवले. बाईंनी माईक बंद करायला लावला. तारप्याला माईक कशाला लागतो?

दुसऱ्या दिवशी काम गेलं. गेलं तर गेलं.

आता आमचा महोत्सव आमच्या पाड्यावर होतो, भात कापून झालं की. मंच बांधत नाही, खुर्च्या मांडत नाही. शहरातली माणसं कॅमेरे घेऊन येतात. "जरा इकडे तोंड करा," म्हणतात.

मी सांगते, "तोंड बघायचं तर चपला काढा आन् फेरात या."

जे येणार नाहीत, त्यांनी आमच्या पाठीच बघायच्या.