‘वाईट नाही’चं मोजमाप

डेन्मार्कमधल्या पश्चिम युटलंडातल्या माणसाला तोंडभरून कौतुक करायचं झालं तर शब्द दोनच: वाईट नाही. लग्नात नवरीकडे पाहूनही तो एवढंच म्हणतो, आणि नवरी सुखावते. मेटाचं सारं घोडं या दोन शब्दांपाशीच पेंड खात होतं.

मेटा टपाल वाटून निवृत्त झालेली. गावच्या सभागृहात दर गुरुवारी एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना जेवण मिळायचं, ते तिनंच सुरू केलेलं. पैसा शहरातल्या एका निधीचा. यंदा निधीवाल्यांनी कळवलं, जेवणाचा उपयोग काय ते गावानंच तपासावं. न येणाऱ्यांनाही विचारावं, आणि ज्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहावं. त्यावर पुढची मदत ठरणार.

मेटा सायकलवरून दारोदार फिरली. जेवण कसं वाटतं? उत्कृष्ट, चांगलं, की बेताचं? सगळ्या गावाचं एकच उत्तर, वाईट नाही. शहरात ते ‘बेताचं’मध्येच जमा होणार, हे उघड होतं.

सभागृहाचा अध्यक्ष आयगिल कॉफी ढवळत म्हणाला, "अगं, सरळ ‘उत्कृष्ट’ लिहून टाक. कोण येतंय बघायला?"

"म्हाताऱ्या लाउस्टच्या तोंडी ‘उत्कृष्ट’? तो शब्द त्याच्या घशात अडकेल. आणि मला उत्तर त्याचं लिहायचंय, तुझं नाही."

तुझ्या सचोटीपायी सगळे उपाशी बसतील, असं आयगिल पुटपुटला. ते तिला झोंबलं. पण उत्तरात खोट नव्हती. प्रश्नच इथल्या मातीतला नव्हता. ती पुन्हा निघाली, नवा प्रश्न घेऊन: गुरुवार बंद झाला तर काय कराल?

कधीच जेवायला न येणारी थोरा म्हणाली, आपण गुरुवारी खिडकीत बसतो, जेवायला जाणारे दिसतात, कोण कोण अजून जिवंत आहे ते कळतं. दर गुरुवारी नेमानं येणारा लाउस्ट कोबीच्या वाफ्यात उभा होता. बायको गेल्यापासून एकटाच. त्यानं हातातलं फावडं कुंपणाला टेकवलं.

"उभ्यानंच जेवेन," तो म्हणाला. "टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसते."

मेटानं दोन्ही उत्तरं जशीच्या तशी लिहिली, आधीच्या ‘वाईट नाही’सकट.

वसंतात मदत मंजूर झाली. पिवळ्या वाटाण्याचं सूप वाढून होताच आयगिलनं ते सांगितलं. कुणी टाळी वाजवली नाही. लाउस्टनं चमचा खाली ठेवला.

"तेवढं काही वाईट नाही हं."

‘तेवढं काही’, आणि वर ‘हं’! एवढी उधळण गावानं कधी ऐकली नव्हती. मेटा पातेलं उचलून घाईघाईनं आत वळली.

"पुरे रे लाउस्ट," आयगिल म्हणाला. "एवढं डोक्यावर चढवलंस तर पुढच्या गुरुवारी वाढायची नाही ती आपल्याला."