बोट कुणी वाकवलं?

आळंदच्या दवाखान्यात सुभद्राक्का माझ्यासमोर बसल्या होत्या. लकवा मारलेल्या उजव्या हातात त्यांना स्टीलचा पेला धरवत नव्हता. माझ्या लॅपटॉपवर मात्र तोच हात घरी रोज व्यवस्थित मूठ वळतोय असं दिसत होतं. दोन्हींपैकी एक खोटं होतं.

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर आहे. लकव्याच्या पेशंटसाठी आम्ही एक हातमोजा बनवला होता. प्रत्येक बोटावर रबराची पातळ पट्टी, आणि त्या रबरात केसापेक्षा कितीतरी बारीक असे चांदीचे तंतू. बोट वाकलं की पट्टी ताणली जाते, तंतू एकमेकांपासून सरकतात आणि त्यांच्यातून जाणारी वीज अडखळते. जितकी अडखळली, तितकं बोट वाकलं. याला स्ट्रेन सेन्सर म्हणतात. दिवसाचा व्यायाम पुरा झाला की मोबाइलवर हिरवा दिवा लागतो. माझं माहेर आळंदचं, म्हणून इथली ट्रायल माझ्या गळ्यात पडली.

अक्का मूळच्या निंबर्ग्याच्या. लकवा झाल्यावर त्यांचा मुलगा मल्लिनाथअण्णा त्यांना आळंदला घेऊन आला. त्याचं इथे तुरीच्या अडतीचं दुकान. दोन महिने रोज हिरवा दिवा लागला की आईला गावी सोडतो, असं त्यानं कबूल केलं होतं. अक्कांना दुसरं काहीच नको होतं. आपलं घर, आपली चूल, बस्स.

मला संशय सेन्सरचाच. सारखा ताणला की तो कधीकधी पूर्ववत होत नाही, रीडिंग वरच चढून राहतं. मी मोजा बदलून दिला. दिवा हिरवाच लागत राहिला. पुण्यातले आमचे टीमप्रमुख सर खूश.

"रिझल्ट उत्तम आहे. तू कशाला खुसपट काढतेस?"

मग एका दुपारी मी न कळवता अण्णाच्या घरी गेले. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर मोबाइल. डाव्या हातानं उजव्या हाताचं एकेक बोट वाकवत होत्या, सोडत होत्या, अगदी मन लावून.

सेन्सरला ताण कळतो. तो कुणी दिला, हे कळत नाही. इतकी साधी गोष्ट आमच्या अख्ख्या टीमच्या डोक्यात आली नव्हती.

"अक्का, असं कामून करायलाव?"

"हिरवं व्हायलंय की."

"पर बोट आपलं आपण हलाय पाहिजे."

"ते हलंना झालंय, पोरी. मल्लू हिरवं बघूनच सोडतो म्हणलाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू आज आलीसच न्हाई म्हण."

मला त्या निंबर्ग्यात दिसायला लागल्या: एका हातानं, एकट्या घरात, पेटत्या चुलीपुढे. गप्प बसणं मला शक्य नव्हतं. अण्णाला सांगितलं, सरांनाही कळवलं.

"त्यांना ट्रायलमधून काढ. मोजा परत आण," सर म्हणाले.

"सर, मोजा राहू दे ना. हात तरी हलतोय."

"नियम सगळ्यांना एकच."

मोजा काढायला मी परत घरी गेले. अक्कांनी नुसता हात पुढे केला.

दवाखान्यातले फिजिओथेरपिस्ट हे ऐकून हळहळले. चांगल्या हातानं बोटं वाकवणं हाही उपचारच, त्यानं सांधे मोकळे राहतात. "मी घसा कोरडा केला तरी त्या करत नव्हत्या," ते म्हणाले. "तुमच्या दिव्यासाठी केलं." मला फार वाईट वाटलं. पण तोवर मोजा पुण्याला पोचून दुसऱ्या पेशंटला गेला होता.

पुढे आम्ही मोज्याला कोपरापर्यंत बाही जोडली. स्नायू हलला की नाही, ते तिथला सेन्सर सांगतो. आता कुणी फसवू शकत नाही. पहिला नग मी हट्टानं आळंदला नेला.

तोवर निंबर्ग्याचं घर अण्णानं भाड्यानं दिलं होतं. मोजा गेल्यापासून अक्कांनी त्या हाताला हात लावला नव्हता. बोटं तळव्यात घट्ट मिटली होती. मी हळूहळू प्रयत्न केला, पण मोजा काही चढेना.

"ऱ्हाऊ दे, पोरी," अक्का म्हणाल्या. "आता कुटं जायाचंय मला."

पेशंट ट्रायलमधून गेला तरी मोजा त्याच्याकडेच ठेवायचा, असा नियम मी नंतर कंपनीत भांडून करून घेतला. अक्कांच्या हाताला त्याचा काही उपयोग नाही.