आवाजाला गादी

पत्रा कापला की कात्रण उरतं आणि काम केलं की किस्सा उरतो. कात्रण भंगारवाला घेऊन जातो, किस्से मात्र आमच्या बारामतीच्या शेडमध्येच साठत राहतात. विकत कोण घेणार? म्हणून फुकट सांगतो.

आम्ही एसीचे डक्ट बनवतो, म्हणजे हवा न्यायचे पत्र्याचे बोगदे. पण आमची खरी मिजास सायलेन्सरवर! डक्टच्या मध्ये बसवायची पेटी, आत ग्लासवूल, म्हणजे काचेचा कापूस, त्यावर भोकाभोकांचा पत्रा. हवा पुढे जाते, पंख्याची घरघर आत मुरते. हे मी गिऱ्हाइकाला अर्धा तास समजावतो. आमचे सगळ्यांत जुने कारागीर बापूराव एका दमात उरकतात, “हवेला वाट दिली, आवाजाला गादी घातली. झोपतंय गप!”

*

सोमेश्वरनगरकडच्या एका मंगल कार्यालयात एसी लावला की मंगलाष्टका ऐकू येत नसत. आम्ही सायलेन्सर बसवला, बटण दाबलं. चिडीचूप!

मालक तात्या भडकले, “बंद पाडला की वो तुमी!”

बापूंनी खांद्यावरचं उपरणं एसीच्या जाळीखाली धरलं. ते फडफडायला लागलं. तात्यांनी उपरण्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “जरा आवाज ठिवा की. एसी हाय हे पाव्हण्यास्नी कळाय नको?”

*

मग इंदापूरचं काम आलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी कान तपासायची खोली बांधली होती आणि तिच्यात हवेचा पंखा नुसता गर्जत होता. मी मापं घेत असताना मॅडमनी सहज बापूंच्या कानाला हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबायचं. बापूंनी बटण जेमतेम दोनदा दाबलं!

बातमी घरी पोचली. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको, हौसाकाकी, शेडवर हजर.

“घरी धा हाका मारल्या तरी ओ देत न्हाईत. तुमच्या ठोकाठोकीनं कान गेलं त्यांचं. आजपास्नं काम बंद!”

बापूंनी हातोडी पाठीमागे लपवली. पत्र्याशिवाय या माणसाला करमत नाही आणि बापूंशिवाय माझी शेड चालत नाही. मी मॅडमना फोन लावला.

“पंख्याच्या आवाजात केलेली तपासणी धरता येत नाही,” त्या म्हणाल्या. “आधी खोली शांत करा, मग परत तपासू.”

काकींनी तेवढी सवलत दिली. बापू म्हणाले, “मंजी माझं कान मीच दुरुस्त करायचं व्हय?”

*

पेटले की बापू! सायलेन्सरमध्ये ग्लासवूल दुप्पट जाड भरलं. घरघर गेली, पण हवेला वाट उरली नाही आणि पेटीतून शिट्टी सुरू झाली. मॅडमनी कानांवर हात ठेवले.

“मालक, गादी इतकी जाड झाली की निजायलाच जागा न्हाय!” बापूंनी कबूल केलं.

मग आम्ही पेटीच मोठी केली, हवेची वाट मोकळी ठेवली. पंख्याची थरथर पत्र्यात उतरू नये म्हणून दोन्हींच्या मध्ये कॅनव्हासचं कापड जोडलं. बटण दाबलं, तर मला माझ्याच घड्याळाची टिकटिक ऐकू आली! मॅडमनी आवाज मोजायचा मीटर पाहून अंगठा वर केला. खोटं कशाला बोलू, मला नाचावंसं वाटलं.

*

तपासणीच्या दिवशी बापू आत, मी आणि काकी काचेबाहेर. मॅडम बाहेरच्या मशीनवर आवाज बारीक करत गेल्या. दर वेळी बापूंचं बटण, दर वेळी मशीनवर दिवा! आणखी बारीक. पुन्हा दिवा!

मॅडमनी दार उघडलं. “बापूराव, कान ठणठणीत आहेत. खुशाल काम करा, फक्त ठोकताना कानांवर आवाज अडवणारे मफ लावत जा.”

मी टाळ्याच पिटल्या. बापू मिशीला पीळ देत बाहेर आले. काकींनी शांतपणे विचारलं, “मॅडम, ह्यो शेवटचा आवाज केवढा हुता?”

“अगदी कानात कुजबुजावं, त्याहून बारीक.”

काकींनी पदर खोचला आणि बापूंकडे वळल्या. “आन दळण आणा म्हून मी दारातनं वरडती, त्यो केवढा असतोय?”

बापूंनी माझ्याकडे पाहिलं, वरच्या जाळीकडे पाहिलं आणि परत आत खुर्चीत जाऊन बसले.

“मॅडम, मशीन पुन्यांदा लावा. कायतरी चुकलंय!”