होडीतून फिरवून आणतो

आमच्या आत्याला होडीत पाहुण्यासारखं बसणं जमायचं नाही. पाय टाकला की वल्हं ओढूनच घ्यायची. "वल्हं दुसऱ्याच्या हातात असलं की मला पाण्याचं लय भ्या वाटतं," म्हणायची. घरात सगळे तिला 'नावाडीण' म्हणत. लग्नाआधी पलीकडच्या मळ्यातली शेवंती होडीतून तीच अलीकडे आणायची, मग फुलं नाशिकच्या बाजारात जायची. राबायची ती, मळा मात्र भावांचा.

दिली लासलगावला. तिथे कांदा उदंड, पाणी विहिरीपुरतं. माहेरी आली की पिशवी ओट्यावर टाकून आधी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पळायची. काठाने करंजांची रांग होती. तिच्या खालची अरुंद पट्टी आत्याला हवी होती. आजोबा वारल्यावर ती माझ्या वडिलांना आणि काकांना म्हणाली, "बाकीचं तुमचं तुम्हाला. एवढी पट्टी मला ठेवा. म्हातारपणी झोपडं टाकून राहीन." दोघे नुसते हसले.

सत्तरचं दशक सरत आलं होतं, मी कॉलेजात होते. भाऊबीजेच्या दुपारी वडील आपणहून म्हणाले, "चल बाई, आज तुला होडीतून फिरवून आणतो." एरवी होडीचं नाव काढलं तरी आठ्या घालणारा माणूस! आत्या खुलली. मलाही तिने सोबत घेतलं. वल्हं अर्थात तिच्याकडेच. करंजांच्या सावलीतून आम्ही बरंच वर गेलो. वडील तिच्या सासूची चौकशी करत होते, हे तर मी प्रथमच ऐकत होते. पट्टीपाशी तिने वल्हं थांबवलं.

"दादा, झोपडं इथं बांधीन बरं का. दार पाण्याकडं."

"बांध की," वडील म्हणाले.

परत आलो तर ओट्यावर वकिलाचा कारकून चहा पीत बसलेला. शेजारी ओवाळणीची साडी. हक्कसोडीचा कागद तयार होता. बापाच्या जमिनीवर आपला काही हक्क नाही, असं तिने स्वतःच लिहून द्यायचं. आत्याने पदराला हात पुसले.

"सही नाय केली तर माहेर तुटतं ना, दादा?"

वडिलांनी पेन पुढे केलं. तिने सही केली आणि संध्याकाळच्या एसटीने गेली. साडी होडीच्या फळीवर सापडली. आईने ती ट्रंकेत ठेवली. आत्या पुन्हा कधी माहेरी आली नाही.

काही वर्षांनी ती वारली. सवाष्ण गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी घालतात. वडील आणि काका लासलगावला गेले ते ट्रंकेतली तीच साडी घेऊन. मला वडिलांचा तेव्हा जो राग आला, तो त्यांच्या तेराव्यालाही उतरला नव्हता.

त्या तेराव्याची पंगत उठल्यावर माझा धाकटा भाऊ जवळ येऊन बसला. मुलांची चौकशी केली, माझ्या गुडघ्यांचीही केली. मग म्हणाला, "ताई, किती दिवसांत गंगेवर गेली नाहीस तू. चल, तुला होडीतून फिरवून आणतो."

मी विचारलं, "कारकून किती वाजता येणार आहे?"