शेऱ्याच्या रकान्यातला शब्द

“मॅडम, खाडाखोड आहे. हा उतारा चालणार नाही,” जात पडताळणीचे साहेब म्हणाले आणि आमच्या शाळेचं जुनं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. माझं डोकंच तडकलं.

मी माजलगावजवळच्या एका खेड्यात मुख्याध्यापिका. शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंद या रजिस्टरात असते. जातीचा दाखला खरा की खोटा, हे ठरवताना आजोबांची जुनी नोंद बघतात. आमच्या गावच्या मनीषाला नर्सिंगला जागा मिळाली होती. शुक्रवारपर्यंत पडताळणी झाली नाही तर ती जागा जाणार. तिच्या आजोबांच्या नोंदीत जातीचा रकाना स्वच्छ होता. शेजारचा शेऱ्याचा मात्र ब्लेडने खरवडलेला.

“कुणाचे उद्योग हे?” शाळेत येऊन मी विचारलं.

“म्याच खरडलं,” आमचे क्लार्क शेख मामू म्हणाले. “लई वर्सं झाली. मनीषाचा बाप उतारा न्यायला आलता. ते वाचून रडाया लागला. बघवलं न्हाई मला.”

“मामू, दया केलीत आणि पोरीच्या मुळावर आली की हो!”

खरवडलेला शब्द होता ‘अकरमाशी’. पूर्वी वजनात तोळ्याचे बारा मासे धरत. अकराच भरले तर माल हिणकस. सोन्याचा हा हिशेब लोकांनी माणसांना लावला. आई एका जातीची, बाप दुसऱ्या जातीचा, लग्न लागलेलं नाही. मग मूल अकरमाशी. मनीषाच्या आजोबांचा बाप गावातला बडा जमीनदार होता. त्याला कुणी काही म्हटलं नाही. शेरा बसला सहा वर्षांच्या पोरावर, आणि तो लिहिला शाळेतल्या गुरुजींनी. आजही संताप होतो.

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “खोडलेला शब्द जातीचा नव्हता, असं लेखी द्या. वडिलांचा आणि क्लार्कचा जबाबही लागेल.”

“‘अपमानकारक शब्द’ एवढं लिहिलं तर?”

“शब्दच लिहा, मॅडम. नाहीतर फाईल अडेल.”

गुरुवारी सगळे हजर झालो. साहेबांनी मनीषाच्या वडिलांना विचारलं, “काय लिहिलं होतं?” त्यांनी मान खाली घातली. साहेबांनी पुन्हा विचारलं. शेवटी मनीषाच पुढे झाली.

“अकरमाशी. माझ्या आज्याला म्हनायचे. लिवा सायेब.”

लिहिलं. खाली मी सही-शिक्का केला.

शुक्रवारी प्रमाणपत्र मिळालं, प्रवेश वाचला. नव्या शिक्षकांना मी एवढंच सांगते, शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवण्याआधी दहादा विचार करा. रजिस्टर खरवडल्याबद्दल मामूंना कारणे दाखवा नोटीस आली. शब्द लिहिणारे गुरुजी मात्र सन्मानाने निवृत्त झाले होते.